मेंदूतल्या परजीवीचं निदान : आधी काय, मग काय

पंचविशीतला धडधाकट माणूस सकाळच्या गर्दीत ठाणे स्टेशनवर आकडी येऊन पडतो. दोन तासांत सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टात एक ओळ येते : ‘रिंग एन्हान्सिंग लीजन’. संध्याकाळपर्यंत घरात तीन शब्द फिरू लागतात – टीबी, ट्यूमर आणि ‘डोक्यातला किडा’. त्या ओळीने यातलं काहीच ठरलेलं नसतं. कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेने पांढरी चकती दिसली, एवढाच तिचा अर्थ.

लागणाऱ्या बहुतेक तपासण्या आता ठाणे, वाशी, नेरुळ, खारघर इथे मिळतात. घोळ होतो तो क्रमात. डोळा न तपासता जंताची गोळी सुरू होते. स्कॅन न पाहता पाठीतलं पाणी काढलं जातं. पाण्याची ट्यूब बर्फाच्या डब्यातून लॅबला जाते आणि शोधायचा जीव वाटेतच मरतो. निदान पक्कं होण्याआधी स्टेरॉइड दिलं की स्कॅनवरचं चित्रच बदलतं. म्हणून हा लेख क्रमाभोवती बांधला आहे. तो फॅमिली डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि फाइल हातात घेऊन फिरणारे नातेवाईक यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस जिथे आलेत तिथे ते डॉक्टरांच्या संदर्भासाठी आहेत. घरी घ्यायला नाहीत.

पहिला तास

आकडी चालू असताना चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. आकडी किती वाजता सुरू झाली, आधी कोणता हात किंवा चेहऱ्याची कोणती बाजू उडाली, हे कुणीतरी लिहून ठेवावं. मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ मिळाला तर तो पानभर वर्णनापेक्षा उपयोगी पडतो. आकडी एका बाजूने सुरू झाली म्हणजे मेंदूत ठरावीक जागी काहीतरी आहे, आणि स्कॅनवर कुठे बारकाईने पाहायचं ते कळतं.

रुग्णालयात पोचल्यावर सर्वांत आधी बोटातून रक्त घेऊन शुगर पाहायची. ४० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली शुगर बेशुद्धी आणि आकडी दोन्ही घडवते, आणि मेंदूच्या मलेरियात ती बऱ्याचदा घसरते. त्यानंतर सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, हिमोग्राम. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची चाचणी, आत्ताच घ्यावं, कारण पुढे कॉन्ट्रास्ट लागणार आहे आणि त्या एका रिपोर्टासाठी एमआरआय दुसऱ्या दिवसावर जातो. हिमोग्राममध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा पाहायला विसरू नका. ताप असेल, किंवा गेल्या आठवड्यात येऊन गेला असेल, तर मलेरियाचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, आणि किट त्याच सुईत.

काय विचारायचं

‘डुक्कर खाता का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर ‘नाही’ आलं की गाडी टीबीकडे वळते. इथे एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं तर त्यातली अळी आतड्यात जाऊन लांब फीतकृमी बनते. मेंदूत गाठ होते ती मात्र त्या फीतकृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. आतड्यात जंत असलेला स्वयंपाकी हात न धुता चटणी वाटतो, किंवा सांडपाण्यावर पिकलेली कोथिंबीर नीट न धुता ताटात येते, एवढं पुरतं. जन्मभर कांदा-लसूणही न खाल्लेल्या माणसाच्या मेंदूत ही अळी सापडते. तेव्हा शाकाहारी आहे म्हणून हा आजार वगळायचा नाही.

कोबीतल्या किड्याची गोष्टही इथेच निकालात काढू. कोबी चिरताना दिसणारी हिरवी अळी पतंगाची असते आणि तिचा मेंदूशी संबंध नाही. फीतकृमीचं अंडं मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाएवढं, डोळ्यांना न दिसणारं. ते कोबीवर असू शकतं, तसंच पालकावर, मुळ्यावर, रुळांलगतच्या पट्ट्यात नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या लाल माठावरही असू शकतं. शिजवलं की प्रश्न संपतो. कच्चं खाताना उरतो.

दुसरी चूक म्हणजे गेल्या महिन्यात काय खाल्लं ते खोदून विचारणं. अंडं पोटात गेल्यापासून पहिली आकडी येईपर्यंत बऱ्याचदा काही वर्षं जातात. हिंदुस्थानातून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या जुन्या पाहण्यांतून हे स्पष्ट झालं होतं. तेव्हा विचारायचं ते गेल्या दहा वर्षांत कुठे राहिलात, कोणत्या खानावळीत जेवत होता, घरात कुणाच्या शौचातून भोपळ्याच्या बीसारखे चपटे पांढरे तुकडे पडतात का.

उरलेले प्रश्न वेगळ्या परजीवींसाठी. गेल्या दोन आठवड्यांत तलावात, धबधब्याखाली, फार्महाऊसच्या पूलमध्ये डुबकी मारली का? जलनेती करता का, आणि कोणत्या पाण्याने? आसपास इमारतीचं बांधकाम आहे का, शहापूर-मुरबाडकडे किंवा गावी मुक्काम झाला का? एचआयव्हीची चाचणी कधी झाली? अवयव प्रत्यारोपणानंतरची किंवा सांध्यांसाठीची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का? घरात कुत्रा, मेंढ्या-बकऱ्यांचा धंदा? आणि लहान मूल असेल तर, पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत फिरणाऱ्या मोठ्या गोगलगायी हाताळल्या का? हा शेवटचा प्रश्न ऐकून आई-वडील चमकतात. विचारावा तरीही.

आकडी आणि एकच ठिपका

आपल्याकडे तापाशिवाय आकडी आणि स्कॅनवर लहानशी चकती, हे चित्र बहुतेकदा न्यूरोसिस्टिसर्कोसिसचं असतं, म्हणजे फीतकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ. हा जंत ज्या भागांत मुरलेला आहे तिथल्या अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

स्कॅनच्या आधी दोन मिनिटं हातांनी तपासा. दंड, मांड्या, पोटाची कातडी, जीभ. कातडीखाली वाटाण्याएवढी, न दुखणारी, सरकणारी गाठ लागली तर ती सुईने किंवा छोट्या छेदाने काढून तपासता येते, आणि मेंदूला हात न लावता आजाराचं नाव मिळतं. मांडीच्या साध्या एक्स-रेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे खडे दिसले तर तोही भक्कम पुरावा.

मग सीटी. तो आधी साधा आणि नंतर कॉन्ट्रास्ट देऊन करायचा. थेट कॉन्ट्रास्टचाच सीटी केला तर चुन्याचा खडाही पांढरा आणि कॉन्ट्रास्ट ओढणारी गाठही पांढरी. दोन्ही सारखेच दिसतात. खडा म्हणजे मेलेली अळी, गाठ म्हणजे मरू घातलेली. दोघांचे उपचार वेगळे आहेत.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन एमआरआय’ लिहू नये. टी-वन, टी-टू, फ्लेअर, डिफ्यूजन, एसडब्ल्यूआय, कॉन्ट्रास्टनंतरचा टी-वन, आणि पातळ कापांचा थ्रीडी टी-टू, ज्याला मशिनच्या कंपनीनुसार सिस किंवा फिएस्टा म्हणतात, हे सगळं मागावं. शेवटच्याचं कारण महत्त्वाचं आहे. जिवंत अळीच्या फुग्यातलं पाणी मेंदूतल्या पाण्यासारखंच दिसतं. फुगा मेंदूच्या पोकळीत किंवा तळाच्या खाचांत असेल तर साध्या टी-टूवर पाण्यात पाणी मिसळून जातं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो, किंवा नुसताच ‘हायड्रोसेफॅलस’, म्हणजे मेंदूत पाणी साठलेलं, म्हणून येतो. पातळ कापांत फुग्याची भिंत रेघेसारखी उठून दिसते. उलट बारीक खडे एमआरआयवर निसटतात, म्हणून सीटी आणि एमआरआय एकमेकांना पूरक धरायचे. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही दोन्ही करायला सांगतात.

अळी चार अवस्थांतून जाते आणि रिपोर्टातले शब्द त्याच अवस्थांचे असतात. आधी स्वच्छ पाण्याचा फुगा : पातळ भिंत, सूज नाही, आत एका कडेला दोन-चार मिलिमीटरचा ठिपका. हा ठिपका म्हणजे अळीचं डोकं, स्कोलेक्स. मग पाणी गढूळ होतं, भिंत जाड होते, भोवती सूज येते. आकडी बहुधा इथे सुरू होते. मग गुठळी आक्रसते. शेवटी खडा. एकाच मेंदूत चारही अवस्था शेजारी शेजारी दिसल्या तर शंकेला जागा कमी उरते.

स्कोलेक्स निःसंशय दिसला तर स्कॅनवरच निदान पक्कं. याखेरीज पक्का पुरावा दोनच प्रकारे मिळतो : काढलेल्या ऊतीत अळी दिसणं, किंवा डोळ्याच्या पडद्याखाली ती प्रत्यक्ष दिसणं. बाकी सगळं अंदाजाचं, पण तो अंदाज शिस्तीत बांधता येतो.

टीबी की अळी?

ही आपल्याकडची सर्वांत मोठी कोंडी. एकेकाळी भारतात असा लहान ठिपका दिसला की टीबीची औषधं सुरू करण्याची पद्धत होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या न्यूरोसर्जननी असे ठिपके काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बहुतेकांत सिस्टिसर्कस, म्हणजे फीतकृमीची अळी, निघाला. त्यातून त्यांनी जे निकष बांधले ते आजही वॉर्डात वापरले जातात. आजाराची सुरुवात आकडीने झालेली. डोक्यातला दाब वाढल्याची सततची लक्षणं नाहीत. हात-पाय दिवसेंदिवस कमजोर होत नाहीत. शरीरात दुसरीकडे टीबी किंवा कॅन्सर नाही. आणि स्कॅनवर : ठिपका एकच, कॉन्ट्रास्ट ओढणारा, २० मिलिमीटर किंवा त्याहून लहान, आणि सुजेमुळे मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही. हे सगळं जुळलं तर अळी धरून चालायला हरकत नाही.

उलट गाठ २० मिलिमीटरच्या पुढे, कडा ओबडधोबड, दोन-तीन चकत्या एकमेकींना चिकटलेल्या, मधली रेषा सरकलेली, सोबत बारीक ताप आणि वजन घटलेलं, तर ट्युबरक्युलोमाचं, म्हणजे टीबीच्या गाठीचं, पारडं जड. मग छातीचा एक्स-रे, गरज पडल्यास सीटी, मानेच्या गाठींची तपासणी. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआयवरच होणाऱ्या गाठीतल्या रसायनांच्या मोजणीत, १.३ च्या आसपास उंच लिपिडचं शिखर दिसलं तर ते टीबीच्या बाजूने मोजतात. पण आठ मिलिमीटरच्या ठिपक्यावर स्पेक्ट्रोस्कोपी करून त्यावर भरवसा ठेवणं चूक आहे. मोजणीच्या चौकोनात ठिपक्यापेक्षा भोवतालचा मेंदूच जास्त येतो.

फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांसाठी : फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कुणालाच उपयोगी नाही. सेंटरमधून सीडी किंवा डायकॉम फाइलची लिंक मागून घ्या. स्कोलेक्स दोन मिलिमीटरचा आहे, व्हॉट्सॲपच्या फोटोत तो उरत नाही.

रक्ताच्या चाचणीची किंमत ओळखून

‘सिस्टिसर्कस आयजीजी एलायझा’ हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा रिपोर्ट अनेक फाइलींत असतो आणि त्यावर नको तितकं वजन टाकलं जातं. कच्च्या प्रतिजनावर बेतलेला एलायझा दुसऱ्या जंतांनाही पॉझिटिव्ह देतो, आणि खऱ्या आजारात निगेटिव्हही येतो. वर सांगितलेल्या २०१७ च्या सूचनांनी तो टाळायलाच सांगितला आहे. त्यापेक्षा विश्वासाची चाचणी म्हणजे ईआयटीबी, एक प्रकारचा वेस्टर्न ब्लॉट. मेंदूत दोन किंवा अधिक जिवंत गाठी असतील तर तो क्वचितच चुकतो. पण एकच गाठ असेल तर बऱ्याच रुग्णांत निगेटिव्ह येतो, आणि आपल्याकडे एकाच गाठीचे रुग्ण भरपूर. केवळ चुन्याचे खडे उरले असतील तेव्हाही तेच. म्हणून पॉझिटिव्ह आला तर वजन वाढतं, निगेटिव्ह आला तर काही पुसलं जात नाही. स्कॅन आधी, रक्त नंतर.

मल-तपासणी तीन वेगवेगळ्या दिवशी करावी, रुग्णाची आणि घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचीही, त्यांचा अपमान न करता. तिथे अंडी सापडली तर ती डुकराच्या फीतकृमीची की गाईच्या, हे नुसत्या अंड्यावरून ओळखता येत नाही. आणि रुग्णाच्या मलात काही न सापडणं हे नेहमीचंच, कारण अंडी बऱ्याचदा दुसऱ्याच्या पोटातली असतात.

गोळीच्या आधी तीन गोष्टी

अल्बेंडाझोलची चिठ्ठी लिहिण्याआधी बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा पडदा पाहून घ्या. अळी पडद्याखाली असेल आणि ती गोळीने मेली, तर तिथे उठणाऱ्या दाहाने नजर जाते. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि डोळ्यांच्या कोणत्याही ओपीडीत होते. त्याच वेळी पॅपिलिडीमा, म्हणजे डोक्यातला दाब वाढल्याची खूणही कळते.

दुसरं, दाब. हायड्रोसेफॅलस असेल, किंवा मेंदूभर शेकडो अळ्या आणि सूज असेल, तर जंतनाशक द्यायचं नाही. एकदम अळ्या मेल्या की सूज आणखी वाढते. आधी दाब उतरवायचा, त्यासाठी न्यूरोसर्जनची गरज पडू शकते.

तिसरं, स्टेरॉइड. गोळीच्या जोडीला ते लागतंच, पण लांब द्यायचं असेल तर आधी टीबीसाठी तपासणी आणि स्ट्राँगिलॉइडिस या जंतासाठी मल-तपासणी, किंवा सरळ आयव्हरमेक्टिनचा डोस. हा जंत वर्षानुवर्षं आतड्यात गुपचूप राहतो. स्टेरॉइड मिळालं की तो शरीरभर पसरतो, आणि आतड्यातले जिवाणू सोबत नेऊन मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, घडवतो.

हे झालं की एक-दोन जिवंत गाठींसाठी अल्बेंडाझोल दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, जास्तीत जास्त १२०० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, तूप-तेल असलेल्या जेवणासोबत, कारण उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. दोनपेक्षा जास्त गाठी असतील तर प्राझिक्वांटेल जोडतात. नुसता खडा असेल तर जंतनाशक नाहीच. मेलेल्याला कोण मारणार? आकडीची गोळी मात्र या सगळ्यांत चालूच राहते.

ताप आणि बेशुद्धी असेल तर घड्याळ वेगळं

आकडीच्या रुग्णाला दोन दिवस विचार करायला मिळतात. तापाने बेशुद्ध झालेल्याला दोन तासही नाहीत. पावसाळ्यात आणि नंतर ठाणे-नवी मुंबईत डेंगी, लेप्टो, मलेरिया एकाच वेळी चालू असतात, आणि ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्धीचं मोजमाप, ११ च्या खाली आणि आकडी थांबून अर्धा तास उलटला तरी शुद्ध नाही, अशा रुग्णात फाल्सिपेरम, हा मलेरियाचा घातक प्रकार, नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरायचं.

स्मिअर दोन हवेत. जाड स्मिअर शोधण्यासाठी, पातळ स्मिअर जात ओळखण्यासाठी. जाड थेंब काचेवर सेंटिमीटरभर पसरायचा. काच वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं जेमतेम वाचता यावीत, एवढी त्याची जाडी. तो मिथेनॉलमध्ये बुडवायचा नाही. बुडवला की तांबड्या पेशी काचेला चिकटून राहतात आणि परजीवी त्यांच्याआड दडतात. पातळ स्मिअर मात्र मिथेनॉलने पक्का करायचा. गिम्सा असो की सरकारी दवाखान्यातला जेएसबी रंग, ऑइल लेन्सखाली निदान १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये.

आणि एकदा निगेटिव्ह आला म्हणून सोडूही नये. फाल्सिपेरमच्या मोठ्या झालेल्या परजीवी मेंदूतल्या बारीक केशवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटातल्या रक्तात त्या वेळी एखाद-दुसरीच असते. सहा ते बारा तासांनी पुन्हा, अठ्ठेचाळीस तासांपर्यंत. किटचं उलट आहे : एचआरपी-टू पकडणारं किट मलेरिया बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं. गेल्या महिन्यात उपचार झालेला असेल तर आजची बेशुद्धी एन्सेफलायटिसची, म्हणजे मेंदूच्या दाहाचीही असू शकते. तो उलगडा स्मिअरवर आणि डोळ्याच्या पडद्यावर होतो. पडद्यावर पांढरट चट्टे आणि मधोमध पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव दिसले तर ते मेंदूच्या मलेरियाचे.

तपासणीची सोय नसेल तर आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाचं इंजेक्शन निदानासाठी थांबवू नये : शिरेतून किलोमागे २.४ मिलिग्रॅम, २० किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ३ मिलिग्रॅम. शून्य, बारा आणि चोवीस तासांनी, मग रोज एकदा. स्मिअरसाठी रक्त मात्र पहिल्या डोसाआधी घ्या. शुगर दर चार तासांनी. आणि स्टेरॉइड इथे देऊ नये, मेंदूच्या मलेरियात त्याने नुकसान होतं.

पाठीतलं पाणी

न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या एका ठिपक्यासाठी पाठीतलं पाणी काढायची गरज नसते. ते लागतं ताप, मान आखडणं, गोंधळलेपण असेल तेव्हा, आणि मेंदूत जागा व्यापणारी गाठ किंवा वाढलेला दाब नाही हे स्कॅनवर पाहून झाल्यावर. दाब असताना खालून पाणी काढलं तर मेंदू कवटीच्या तळाकडे सरकतो. स्कॅनला उशीर होणार असेल तर आधी अँटिबायोटिक सुरू करून मग स्कॅनकडे.

सुईला मॅनोमीटर लावून दाब मोजा. मग चार निर्जंतुक ट्यूब, मोठ्या माणसात एकूण आठ-दहा मिली. पहिली शुगर-प्रोटीनसाठी, दुसरी जंतूंसाठी, तिसरी पेशींसाठी, चौथी राखून. त्याच वेळी रक्तातली शुगर. तिच्याशिवाय पाण्यातल्या शुगरचा अर्थ लागत नाही. ती साधारण रक्ताच्या दोन-तृतीयांश असते. पेशींची ट्यूब तासाभरात मोजली गेली पाहिजे. दोन तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी निम्म्यावर येऊ शकतात. घोडबंदर रोडवरून नमुना खाडीपलीकडच्या मध्यवर्ती लॅबला दुचाकीवरून जायचा असेल, तर पेशी इथेच मोजून मगच ट्यूब पाठवा.

आता ज्या एका तपासणीवर जीव टांगलेला असतो ती. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यातून नाकावाटे मेंदूत शिरतो. पाण्याशी संपर्क आल्यावर एक ते बारा दिवसांत डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू होतात आणि त्यानंतर सहसा पाच-सहा दिवसांत मृत्यू. पाण्याचा रिपोर्ट जिवाणूंच्या मेनिंजायटिससारखाच : न्यूट्रोफिल भरपूर, शुगर कमी, प्रोटीन जास्त. फरक इतकाच की ग्रॅम स्टेनमध्ये जिवाणू नाहीत. आणि ग्रॅम स्टेनसाठी काच तापवली की अमीबाही नष्ट होतो. म्हणून असा रिपोर्ट दिसला आणि पोहल्याचा किंवा जलनेतीचा इतिहास असेल तर स्वतः लॅबला फोन करून वेट माउंट, म्हणजे न रंगवलेल्या ताज्या थेंबाची तपासणी, मागा.

ट्यूब फ्रिजमध्ये नाही, बर्फात नाही, खोलीच्या तापमानाला. अमीबा काचेला चिकटतो, म्हणून ट्यूब हलकेच हलवून थेंब घ्या. सेंट्रिफ्यूज करायचंच तर अगदी मंद. काच कोमट, कव्हरस्लिप, ४०० पट मोठं करून, प्रकाश थोडा कमी ठेवून. गोल पेशी सगळ्या गप्प बसलेल्या असतात. त्यातली एखादी बोथट पाय पुढे टाकत सरकताना दिसली तर तो अमीबा. पांढरी पेशीही किंचित हलते, पण इतकी ठामपणे एका दिशेला सरकत नाही. शंका असेल तर गिम्सा रंगवून पाहा : केंद्रकाच्या मधोमध मोठा गडद ठिपका. पक्कं करायला पीसीआर, पण त्याच्या रिपोर्टासाठी अँफोटेरिसिन आणि मिल्टेफोसिन थांबवायचं नाही. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाचे बरेच रुग्ण नोंदले गेले. २०२४ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा वाचला, तो वेळीच निदान झाल्यामुळे. जलनेतीचं पाणी उकळून गार केलेलंच वापरा. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, याचा अर्थ ते नाकात घालण्यालायक असतं असं नाही.

त्याच ट्यूबमध्ये आणखी एक गोष्ट निसटते. मोजणीच्या चेंबरमध्ये इओसिनोफिल ओळखू येत नाहीत, ते लिम्फोसाइट म्हणून मोजले जातात आणि रिपोर्ट टीबी मेनिंजायटिससारखा दिसतो. थेंब लीशमन किंवा गिम्साने रंगवला की केशरी दाणे दिसतात. घनमिलिमीटरमध्ये दहा किंवा एकूण पांढऱ्या पेशींच्या दहा टक्के इओसिनोफिल असले की तो इओसिनोफिलिक मेनिंजायटिस. गोगलगायीचा प्रश्न यासाठी होता : अँजिओस्ट्राँगिलस या उंदरांतल्या जंताच्या अळ्या गोगलगायीत वाढतात आणि तिच्या संपर्कातून किंवा कच्च्या भाजीसोबत माणसात येतात. स्कॅन इथे बऱ्याचदा साफ असतो.

प्रतिकारशक्ती कमी असेल तर

एचआयव्ही पॉझिटिव्ह, सीडी-फोर या प्रतिकारक पेशी १०० च्या खाली, मेंदूच्या खोल भागात अनेक चकत्या : आधी टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा विचार. शासकीय रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते. मेंदूच्या बायोप्सीच्या आधी ती झालेली असावी. रक्तातला टोक्सो आयजीजी पाहा. आयजीएम बहुतेकदा निगेटिव्ह येतो, कारण हा जुनाच संसर्ग पुन्हा उसळलेला असतो. आयजीजी निगेटिव्ह असेल तर लिम्फोमा या कॅन्सरचा विचार पुढे येतो. इथे निदानाची रीत थोडी वेगळी आहे : उपचार सुरू करून १० ते १४ दिवसांनी पुन्हा स्कॅन. गाठी आकसल्या तर निदान बरोबर, नाहीतर बायोप्सी. याच काळात स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमाही आकसतो आणि चाचणीच फोल ठरते. सुजेने जीव धोक्यात असेल तेव्हाच द्यावं, आणि दिलं होतं हे फाइलवर ठळक लिहावं.

हायडॅटिडबद्दल, म्हणजे कुत्र्यातल्या फीतकृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीबद्दल, एवढंच : मूल किंवा तरुण, एकच मोठा गोल गरगरीत पाण्याचा फुगा, भोवती सूज नाही, कडा कॉन्ट्रास्ट ओढत नाही. त्यात सुई घालायची नाही. फुटला तर अॅलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया येते आणि रोग पसरतो. यकृताची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि न्यूरोसर्जन.

पुढची तारीख

एका ठिपक्याचा पुन्हा स्कॅन सहा महिन्यांनी. शंका असेल तर तीन महिन्यांनी. शक्यतो त्याच सेंटरला, तीच प्रोटोकॉल, म्हणजे मिलिमीटर मिलिमीटरशी ताडता येतात. ठिपका गेला किंवा खडा झाला, तर आधीचं निदान बरोबर होतं. तो वाढला, तर टीबी, ट्यूमर, सगळी यादी पुन्हा उघडायची, आणि आता बायोप्सीची चर्चा करायची.

खडा उरलेल्यांना वर्षांनी पुन्हा आकडी येते तेव्हा घरचे म्हणतात, ‘किडा परत आला.’ साध्या सीटीवर तोच जुना खडा तिथेच असतो, आणि फ्लेअरवर त्याच्याभोवती नवी सूज दिसते. कॉन्ट्रास्ट दिला तर कडाही उजळते. ही मेलेल्या अळीच्या अवशेषांवरची शरीराची प्रतिक्रिया आहे. अशा वेळी पुन्हा अल्बेंडाझोल देऊ नये. आकडीच्या गोळ्या मध्येच सुटल्या होत्या का, ते आधी विचारावं.